सहावी किल्ली

परगण्याचं नाव मी लिहिणार नाही. अँडोराच्या खोऱ्यात तेव्हा परगणे सहाच होते, त्यामुळे ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, पण निदान माझ्या हातून ते नाव या गोष्टीला चिकटू नये. माझं नाव मात्र लिहितो. आन्सेल्म, रोसेल घरचा. एकोणीसशे बावन्न साली मी परगण्याचा प्रमुख होतो आणि प्रमुख म्हणून एक किल्ली माझ्याकडे होती.

ती किल्ली कपाटाची. राजधानीत सभेचं जुनं दगडी घर आहे, त्यात एक जाड लाकडी कपाट, आणि त्या कपाटाला सहा कुलपं. खोऱ्याचे सगळे जुने करार, सनदा, हद्दींचे कागद त्यात. सहा परगण्यांचे सहा प्रमुख आपापली किल्ली घेऊन समोर उभे राहिल्याशिवाय ते उघडत नाही. पाच जण आले आणि सहाव्याला सर्दी झाली, तर कपाट बंद. आमच्या पूर्वजांचा एकमेकांवर किती विश्वास होता ते यावरून दिसतं. पण मला विचाराल तर याच अविश्वासावर हा चिमूटभर देश सातशे वर्षं टिकला. आम्हाला राजे दोन, एक स्पेनमधला बिशप आणि दुसरा फ्रान्सचा अध्यक्ष, आणि दोघांतल्या एकालाही आम्ही निवडत नाही. सैन्य नाही. बिशपला एक वर्षाआड ठरलेली हॅम, चीज आणि कोंबडे पोचवायचे, फ्रान्सला थोडी रक्कम द्यायची आणि बाकी दिवस आपली गुरं सांभाळायची. अशा देशाची इज्जत कशात असते? कपाटात.

आता ती किल्ली मी कशी घालवली ते सांगतो. सांगायला नको वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तंबाखूची गाठोडी पाठीवर घेऊन खिंडीपलीकडे फ्रान्समध्ये नेण्याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नसे. पाद्रीबुवांना विचारलं तर ते म्हणत, पाप आहे खरं, पण लहानसं. प्रमुखानं मात्र असल्या भानगडीत पडू नये एवढा संकेत होता. मी पडायचो. पैशासाठी नव्हे, घरात काही कमी नव्हतं. पलीकडच्या खाणावळीत मला 'मोसिए', म्हणजे साहेब, म्हणून खुर्ची देत, ते मला आवडायचं. एकावन्नच्या शरदात, भर दुपारी, तिथल्या एका तंबाखूवाल्यानं मला डिवचलं. म्हणाला, तुमचा देश म्हणजे काय हो, दोन डोंगर आणि मधे एक खेचर. सगळे हसले. मला ते झोंबलं. मी गळ्यातली दोरी ओढून किल्ली बाहेर काढली आणि टेबलावर आपटली. म्हटलं, हा बघ आमच्या देशाचा सहावा हिस्सा, तुझ्या अध्यक्षालाही माझ्याशिवाय आमचं कपाट उघडता यायचं नाही. किल्ली या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. लोक वजन करून बघत होते, मी फुगत होतो. तेवढ्यात दारात जकातीचे शिपाई आले आणि देशाचा सहावा हिस्सा तिथेच टाकून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पळालो.

चार दिवसांनी परत गेलो तर खाणावळवाली बशा पुसता पुसता म्हणाली, किल्ली? कसली किल्ली?

तेव्हाच सभापतींपुढे जाऊन सांगायला हवं होतं. लोक हसले असते, मला काढून टाकलं असतं, आणि गोष्ट तिथे संपली असती. मी काय केलं, तर दक्षिणेच्या सीमेपलीकडच्या एका लोहाराला आठवणीतून चित्र काढून दिलं आणि तशीच एक घडवून घेतली. दिसायला अगदी सख्खी बहीण. कपाट नऊ वर्षांत उघडलं नव्हतं. माझी मुदत अजून दोन वर्षांची. मग किल्ली पुढच्याच्या गळ्यात, आणि भोगणं त्याच्या नशिबात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगून मी निवांत झोपत असे.

पुढच्या वर्षी, थंडी सुरू होता होता, फिलोमेना माझ्याकडे आली. मोलेस घरची विधवा, सगळ्यात वरच्या वस्तीवर एकटी राहायची, पन्नाशी उलटलेली, हात पुरुषासारखे. मी तिला काकू म्हणायचो. खिंडीखालचं मोठं कुरण तिच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं आणि तिची तेवीस गुरं त्यावर जगत. आता बाहेरच्या एका हॉटेलवाल्याला तेच कुरण हवं होतं. हिवाळ्यात लोक बर्फावर घसरायला येतील म्हणे, खाली हॉटेल, वर तारेवरच्या खुर्च्या. कुरण परगण्याचं आहे असं धरून परगणा ते भाड्यानं द्यायला निघाला होता. फिलोमेनाचं म्हणणं साधं होतं. कोण्या एका साथीच्या वर्षी मोलेस घरच्यांनी खिंडीत पहारा दिला, परक्यांना खाली येऊ दिलं नाही, आणि त्यात त्यांचे दोन मुलगे गेले. त्याबद्दल परगण्यानं ते कुरण त्यांना कायमचं लिहून दिलं. तिच्याकडची प्रत उंदरांनी खाल्ली. दुसरी कपाटात आहे, असं तिच्या सासऱ्यानं मरताना सांगितलं होतं.

"मला कोणाशी भांडायचं नाही, आन्सेल्म," ती म्हणाली. "कागदात नसेल तर मी गुपचूप गुरं विकीन. पण एकदा वाचून तर बघा."

मी म्हटलं, कागद निघाला तर कुरण तुमचं, काकू, मी स्वतः उभा राहून सांगेन. आणि हे बोलताना मला किल्लीची आठवणसुद्धा नव्हती. खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं. ती गेल्यावर हातातला पेला खाली ठेवताना एकदम आठवलं.

सेंट टॉमसच्या दिवशी, डिसेंबरच्या एकवीसला, सभा भरते. आम्ही सगळे काळे झगे आणि टोकदार टोप्या घालून आलो. खालच्या स्वयंपाकघरात सभेच्या जेवणाचा रस्सा शिजत होता, मटण आणि कोबीचा वास जिन्यावरून वर येत होता. फिलोमेना भिंतीलगतच्या बाकावर डोक्याला काळा रुमाल बांधून बसली होती. कपाटाजवळ इझिद्रे उभा होता, सभागृहाचा राखणदार, आमच्याच परगण्याचा, सत्तरीचा. दरवर्षी सेंट मायकलच्या सणाला कुलपांना तेल घालणं हे त्याचं चाळीस वर्षांचं काम.

पाच किल्ल्या फिरल्या. एकेक कुलूप उघडताना छोटासा आवाज व्हायचा आणि सगळे मान हलवायचे. मग मी पुढे झालो. खरं सांगतो, मी देवाला विनवत होतो. चोरानं घरफोडीच्या वेळी देवाला हाक मारावी तसं. किल्ली आत गेली, निम्म्यावर अडली. मी जोर लावला. पुन्हा लावला.

"दमानं, रोसेल," सभापती म्हणाले. "हिसके देऊ नकोस."

"फिरत नाही," मी म्हटलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, म्हटलं, "गंज धरलाय कुलपानं."

"गंज नाही धरलेला," इझिद्रे लगेच म्हणाला. "मी स्वतः सप्टेंबरात तेल..."

तो बोलता बोलता थांबला. तो माझ्या हाताकडे बघत होता. किल्ली मी अर्धी बाहेर काढली होती. त्यानं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं नाही.

शेजारच्या परगण्याचा प्रमुख क्लिमेंत, ढेरपोट्या आणि तोंडाळ, म्हणाला, "या घराचं तेल इझिद्रेच्या सॅलडात जात असणार, दुसरं काय." सभेत हशा पिकला. कोणी म्हणालं, म्हातारा झाला बिचारा, विसरत असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि चोर मीच होतो. हसणाऱ्यांत मीही होतो. हे लिहिताना माझे कान तापले आहेत, इतक्या वर्षांनीही.

कुलूप फोडणं हा विषयच नव्हता. सहाही परगण्यांनी त्याची शपथ घेतलेली आहे, फोडणाऱ्याला खोऱ्यात घर राहत नाही. सभापती म्हणाले की बार्सेलोनाहून एखादा कुलूपवाला बोलावू, तो न फोडता उघडेल. पण परक्याचा हात कपाटाला लावायचा तर किल्लीवाल्या सहाही जणांची संमती लागते. पाच हात वर झाले. फिलोमेना पुढे सरकून बसली.

कुलूपवाला आला असता तर एका क्षणात म्हणाला असता की कुलूप धडधाकट आहे, किल्ली खोटी आहे. मला बाकी काही सुचत नव्हतं, भाषण मात्र सुचलं.

"सातशे वर्षं," मी म्हटलं, "राजे आले, लढाया झाल्या, दोन्हीकडून मोठाले देश आमच्या डोक्यावर उभे राहिले, पण या कपाटाला परक्याचं बोट लागलं नाही. आपल्या आज्यापणज्यांनी उपाशीपोटी जे जपलं ते आपण एका गंजक्या कुलपासाठी परक्याच्या हातात द्यायचं? ज्यांना द्यायचं त्यांनी द्यावं. माझ्या परगण्याचा हात वर होणार नाही."

मग कोणीतरी बाकावर मूठ आपटली, आणि मग सगळेच आपटू लागले. क्लिमेंतच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या पाच जणांनी हात वर केले होते त्यांनी ते लाजून खाली घेतले. मी फिलोमेनाकडे बघणार नव्हतो, पण नजर गेलीच. तीसुद्धा मान हलवत होती. तिलासुद्धा पटलं होतं.

सभापतींनी निकाल दिला. ईस्टरपर्यंत वाट बघायची. तोवर तेलातुपानं कुलूप नरम आलं किंवा रोसेलनं मत बदललं तर कागद वाचायचा, नाहीतर परगणा कुरण द्यायला मोकळा. मग आम्ही खाली जेवायला गेलो. मला मानाची जागा दिली आणि रश्शातला चांगला तुकडा माझ्या ताटात वाढला. मी तो चाटूनपुसून खाल्ला. इझिद्रेनं त्याच संध्याकाळी राखणदाराचं काम सोडल्याचं सांगितलं. कोणी फारसं अडवलं नाही.

जानेवारीत तो माझ्या घरी आला. बायको माहेरी गेलेली, मी एकटाच होतो. त्यानं टोपी काढली नाही की बसला नाही.

"दे बघू ती," तो म्हणाला.

मी गळ्यातून काढून दिली. त्यानं अंगठा दातांवरून फिरवला.

"जुनीचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. हिच्यावर कानशीचे ओरखडे आहेत. चाळीस वर्षं त्या सहा किल्ल्या बघतोय मी, आन्सेल्म. मला काय आंधळा समजलास?"

"मग तिथे का नाही बोललात, काका?"

"बोललो असतो तर सगळ्या खोऱ्यानं म्हटलं असतं, या परगण्याच्या हाती किल्ली द्यायची नाही. मीही याच परगण्यात जन्मलो, इथेच पुरतील मला. माझं काय, म्हातारा तेल घालायला विसरला म्हणून महिनाभर हसतील." त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. "पण त्या बाईचं कुरण जातंय. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांग. ईस्टरच्या आत सांग, म्हणजे कुलूपवाला बोलावता येईल."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

मग जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आज बर्फ फार आहे, आज गाय व्यायला झाली आहे, आज अंगात कसर आहे. माणूस टाळाटाळ करायला लागला की सगळं जग त्याला मदत करतं. मी स्वतःची समजूतही घालत होतो, की कागद कपाटात असेलच कशावरून? म्हाताऱ्या सासऱ्याची भ्रमिष्ट बडबड असेल. या समजुतीवर माझा विश्वास नव्हता, तरी ती रोज सकाळी उपयोगी पडायची.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी वर गेलो. सांगायलाच गेलो होतो, हे कोणी मानो न मानो. चढावर वाक्यं जुळवत होतो. काकू, माझ्याकडून एक मोठी चूक झाली. काकू, ती किल्ली खरी नव्हे. दुसरं बरं वाटलं, थोडक्यात आटपत होतं.

फिलोमेना गोठ्यात होती. गोठा निम्मा रिकामा झाला होता. तिनं मला आत नेलं, कोबी-बटाट्याचा परतलेला गोळा वर डुकराच्या चरबीचे काप घालून पुढे ठेवला. उपासाचे दिवस होते, पण वर वस्तीवर कोण विचारतो. मी घास तोंडात घातला नाही तोच ती बोलू लागली.

"बरं झालं आलास. मीच खाली येणार होते. बारा गुरं विकली. उरलेली पुढच्या महिन्यात जातील, मग मी लेकीकडे लेरिदाला." तिनं हात पुसले. "तू मनाला लावून घेऊ नकोस हो. तू सभेत बोललास ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझं कुरण लहान आणि ते कपाट मोठं. आमच्या घरच्यांनी खिंडीत मुलगे घातले ते कशासाठी? परके आत येऊ नयेत म्हणूनच ना. तू तेच केलंस."

मी म्हटलं, "काकू..."

"खा आधी."

मी खाल्लं. तिनं मग कपाळावर आठ्या पाडून एक कागद काढला. पाद्रीबुवांकडून लिहून घेतला होता. मोलेस घराचा कुरणावर दावा उरला नाही, परगण्याशी काही तंटा नाही, असं त्यात होतं. ती म्हणाली, मी गेल्यावर कोणी म्हणू नये की मोलेसवाले भांडून गेले. खाली तिची सही होती, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आणि तिच्याखाली साक्षीदाराची जागा कोरी.

"पाद्रीबुवा करत होते सही. मी म्हटलं, नको. साक्षीला मला आन्सेल्मच हवा."

ते वाक्य जुळवलेलं होतं, ओठावर होतं. काकू, ती किल्ली खरी नव्हे. पाच-सहा शब्द. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं ते मला गमवायचं नव्हतं. तिचं घर, गुरं, डोंगर एकीकडे, आणि माझ्याविषयीचं तिचं चांगलं मत दुसरीकडे. मी मत ठेवून घेतलं. तिनं लेखणी पुढे केली आणि मी सही केली.

ईस्टरच्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर सगळी माणसं चर्चच्या पायऱ्यांवर रेंगाळली होती. मी काळ्या झग्यात मधोमध, लोक येऊन हात मिळवत होते. इझिद्रे खांबाला टेकून उभा होता. मी अजून सांगितलेलं नाही, हे त्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं, आणि आजचा शेवटचा दिवस होता. तो माझ्याकडे बघत होता. मी टोपी नीट करत होतो.

फिलोमेना गर्दीतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हती, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू गेलं.

"इझिद्रे, मी जाणार आता, म्हणून एकदाच बोलते. तुझं एकच काम होतं. वर्षातून एकदा तेल घालायचं. तेवढं तुझ्याच्यानं झालं असतं तर आज मी माझ्या घरात असते."

इझिद्रेनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यावा तेवढाच. त्याला एक शब्द बोलायचा होता, आणि मला एक पाऊल टाकायचं होतं. मी दगडासारखा उभा राहिलो. मग त्यानं टोपी काढली. त्याचं टक्कल उन्हात लाल दिसत होतं.

"चुकलो, बाई," तो म्हणाला. "माझ्या हातून चूक झाली. माफ कर."

"माफ केलं," फिलोमेना म्हणाली. "आज ईस्टर आहे."

पायऱ्या ओल्या होत्या. तिनं आधारासाठी इकडेतिकडे बघितलं आणि माझा दंड धरला, आणि सगळ्या परगण्यादेखत मी तिला सांभाळून खाली उतरवलं.